उजवं चाक

आमच्या घरी जीप आली ती बैलांच्या मागून. वैशाखातली टळटळीत दुपार, कळंबच्या आमच्या अंगणात शिरणारी शेजारच्या तुकानानांची खिलारी जोडी, तिच्या मागे ताणलेला जाड दोर, आणि दोराच्या टोकाला धुळीनं माखलेली, लांब पाठीची, पत्र्याच्या टपाची एक हिरवट गाडी – आणि तिच्या स्टेअरिंगवर, जणू ती स्वतःच्याच बळानं चालली आहे अशा ऐटीत बसलेले अण्णा, माझे वडील. आई ओट्यावर उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. हसणं होतं की रडणं, ते मला त्या वयात नीटसं कळलं नाही.

वरच्या अंगाला धरणाचं काम संपलं तेव्हा तिथली थकलेली वाहनं लिलावात निघाली, त्यातली ही एक. अण्णा तोवर दुसऱ्यांचे टेम्पो चालवत. त्यांच्या मनात एकच होतं – तळेघरच्या डोंगरात एसटी दिवसातून एकदा जाते, पावसात आली तर आली. तिथं मीठ, गोडेतेल, खताच्या गोण्या न्यायच्या आणि उतरताना हिरडा, तांदूळ, नाचणी आणायची. त्यासाठी चारही चाकांनी ओढणारीच गाडी हवी. येईल त्याला ते बोनेटवर हात ठेवून सांगत, "फोर-व्हील हाय, राव. भितीवर चढंल."

भिंतीवर चढायच्या आधी ती चालू व्हायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्याचा वास अजून माझ्या नाकात आहे... रॉकेलमध्ये भिजत घातलेल्या नट-बोल्टांचा, ग्रीसचा, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, आणि या सगळ्यावर तरंगत येणारा, कांद्याच्या चाळीतला गोडसर उग्र दर्प. आईची पापडाची जुनी परात नट-बोल्ट भिजवायला गेली ती कायमचीच. अण्णा गाडीखाली आडवे, त्यांचे फक्त पाय दिसायचे. आणि त्या पायांशेजारी, मातीत मांडी घालून, माझी ताई – वैशाली.

ती तेरा वर्षांची, मी दहाची. घरात मुलगा नव्हता, त्यामुळे अण्णांच्या हाताखाली कोण बसणार हा प्रश्नच होता. पण तो ताईनं कुणी विचारायच्या आत सोडवून टाकला. बारा नंबरचा पाना, चौदा नंबरचा पाना ती न बघता, नुसत्या बोटांच्या चाचपणीनं ओळखायची. पुढे पुढे तर ती लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून, मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकायची, आणि म्हणायची, "अण्णा, तिसरा नोझल." मंचरचा मिस्त्री नोझल उघडून बघायचा तर खरोखरच तिसरा. अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उजळायचं, ते माझ्या वाट्याला कधीच आलं नाही. मी वर्गात पहिली यायचे. प्रगतिपुस्तक पुढे केलं की अण्णा काळ्या बोटांनी सही करत, आकडे न वाचता, आणि त्याच दमात विचारत, "वैशी कुटंय? हवा बघायचीय चाकातली."

हेवा हा शब्द मला तेव्हा शाळेत भेटलाही असेल. पण तो अंगात कसा राहतो हे मला त्या अंगणात कळलं. घशाशी कच्चा हिरडा धरल्यासारखा... तुरट, न गिळवणारा, न थुंकवणारा. गाडीत पुढच्या सीटवर अण्णांशेजारी ताई बसायची. मी मागे, गोण्यांवर. डोंगर लागला की अण्णा गाडी थांबवत आणि ताई उडी मारून खाली उतरे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध बशीएवढी एक चकती होती, हब म्हणायचे तिला. ती हातानं फिरवून बसवली तरच पुढची चाकं ओढायची. एक जरी मोकळी राहिली तरी पुढचा सगळा जोर वाया जायचा. सपाटीला आल्यावर पुन्हा दोन्ही मोकळ्या करायच्या. हे ताईचं काम. ती दोन्हीकडे चकती फिरवून, तळहात फ्रॉकला पुसत परत चढायची तेव्हा मला वाटायचं, ही देवळातून पूजा करून आली आहे.

दुसऱ्या वर्षीचा आषाढ सरत आला होता. रविवार होता म्हणून आम्ही दोघीही तळेघरला गेलो होतो. धुकं इतकं की झाडांचे बुंधेच तेवढे दिसत. खाचरांतून भातलावणी चाललेली, इरली पांघरलेल्या वाकलेल्या पाठी... अण्णा माल उतरवत होते. इथून पुढे एका वाडीत तांदूळ भरायला जायचं, वाट चिखलाची, म्हणून त्यांनी ताईला हब बसवायला सांगितलं. ताईनं बसवले. मग ती रिकामी पोती आणायला दुकानात गेली.

मी खाली उतरले. उजव्या चाकापाशी बसले आणि चकती फिरवून मोकळी केली.

मला एवढंच हवं होतं की गाडी थोडी अडखळावी, आणि अण्णांनी एकदा, फक्त एकदा, ताईकडे कपाळाला आठी घालून बघावं. त्यापलीकडे काही मनात नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण मी गोण्यांवर चढून बसते न बसते तोच त्याच वाडीची ठकूबाई नावाची म्हातारी धापा टाकत आली. सून पहाटेपासून बाळंतपणात अडली होती. खाली घोडेगावच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. अण्णांनी उरलेल्या गोण्या तशाच रस्त्याकडेला टाकल्या, म्हातारीला मागे माझ्याशेजारी चढवलं आणि पोती घेऊन आलेली ताई पुढे बसताच गाडी सोडली.

वाडीपर्यंत उतार होता. तिथं पोचायला दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत मी चारदा तोंड उघडलं... पण बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सुनेला मागे आडवं घालून परतताना ओढ्यापलीकडच्या चढावर गाडी थांबली. मागची चाकं गरगरा फिरत चिखलात घुसू लागली. अण्णांनी पुढची चाकं जोडणारा छोटा दांडा ओढला, पुन्हा ओढला. पुढची चाकं ढिम्म. ते उतरले, डावीकडे बघितलं, उजवीकडे आले आणि तिथंच क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी चकती बसवली. पण तोवर उशीर झाला होता. मागचा सांगाडा चिखलावर टेकला होता. खाचरांतली माणसं दोर, पहारी घेऊन धावली. बायांनी इरली, घोंगड्या आणून गाडीभोवती आडोसा केला. आम्हां दोघींना बाजूला उभं केलं. आतून येणारा तो आवाज, पाऊस, आणि ओल्या घोंगडीचा वास... मी ताईचा हात धरायला गेले, पण तिनं आपले दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते आणि ती उजव्या चाकाकडे बघत होती.

मुलगी झाली. ठकूबाईनंच सोडवली. बाळ रडलं, आई सुखरूप राहिली, आणि वीस-पंचवीस माणसांनी गाडी उचलून वर काढली तेव्हा कुणीतरी पोरीचं नाव जिपी ठेवायला सांगितलं, सगळे हसले. कळंबमध्ये पुढे कितीतरी वर्षं ती एक गमतीची गोष्ट म्हणूनच सांगितली जायची. कुणाचंच काही बिघडलं नव्हतं ना... मग कोण कशाला खोदून विचारणार?

हसले नाहीत ते अण्णा. दवाखान्याच्या दारात बाळ-बाळंतिणीला पोचवून झाल्यावर ते ताईकडे वळले. आवाज चढवला नाही.

"वैशे, येकच काम सांगितलं व्हतं तुला."

"मी बसवलं व्हतं, अण्णा. दोन्ही."

"ती बाई मेली असती." मग म्हणाले, "आजपासनं गाडीला हात लावायचा न्हाई."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी वाचत होते.

अण्णा शब्द फिरवणारे नव्हते आणि ताई विनवणारी नव्हती. आईला तर बरंच वाटलं. पोरगी वयात आली होती, ती मशीनवर ब्लाउज शिवायला बसू लागली. अण्णांशेजारची सीट मला मिळाली. हब मी बसवू लागले, पाने मी देऊ लागले. बाराचा मागितला की चौदाचा जायचा. अण्णा रागावत नसत. माझ्या हातून तो शांतपणे परत ठेवत आणि हवा तो स्वतःच उचलत... ते रागावले असते तर बरं झालं असतं. कधी इंजिन वेगळं वाजायला लागलं की ते मान वळवून घराकडे बघत. आतून शिलाईमशीनचा आवाज येत असे. मग ते गाडी घेऊन मंचरला जात.

पुढे डोंगरातला रस्ता डांबरी झाला, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या नव्या गाड्या आल्या, आणि आमची जीप नारायणगावकडच्या एकानं पाण्याची टाकी ओढायला नेली. ताईचं लग्न बोरी बुद्रुकला झालं. मी पुण्यात नोकरीला लागले. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत, मी तिच्याकडे राहायला गेले होते. आणि मागच्या पडवीत भुईमुगाच्या शेंगा निवडता निवडता, इतक्या वर्षांनी, मी सांगून टाकलं.

ती शेंगा निवडत राहिली.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "दुकानापुढं, उजव्या चाकाजवळ तुझ्या चपलेचा ठसा व्हता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. वरीसभर. मंग दिलं सोडून."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कळंबला जाऊन अण्णांना सांगितलं. ते तेव्हा सत्तरीला आले होते, गुडघे गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि अंगणात जीप उभी असायची तिकडे बघत राहिले. सकाळी उठून धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि एकटेच एसटीनं बोरीला गेले. लेकीच्या सासरी सणावाराशिवाय कधी न गेलेला माणूस. मी सोबत येते म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले.

संध्याकाळी परतले ते शेंगांची पिशवी घेऊन. पिशवी आईच्या हातात देत म्हणाले, "वैशीनं दिल्यात." डोळे सुजल्यासारखे दिसत होते, एसटीतली धूळही असेल. त्या दोघांत काय बोलणं झालं ते अण्णांनी कधी सांगितलं नाही, आणि ताईनंही नाही. आता अण्णा नाहीत. ताईला विचारायचा हक्क मला नाही, हे मला कळतं.

पण त्या संध्याकाळी, ओट्यावर बसून अण्णांना शेंगा फोडून खाताना बघत असताना, माझ्या मनात सुटकेच्याही आधी जे आलं ते लपवत नाही. ताईच्या त्या पडवीत, त्या दोघांच्या मध्ये, मलाही बसायचं होतं... मला पुन्हा हेवा वाटला.