बू पोनिराह आणि मुकी बटणं

बू पोनिराह यांच्याविषयी मी लिहावं एवढी माझी त्यांची ओळख नव्हती. आमच्याकडे मानाने बाईला 'बू' म्हणतात आणि पुरुषाला 'बापाक'. त्यांचं माहेर कुठलं, नवरा कधी गेला, मला ठाऊक नाही. बांतुलकडच्या आमच्या गावकचेरीत त्या दाखले टाइप करायच्या आणि मी रिकामा म्हातारा तिथल्या पडवीत बसून असायचो, एवढंच. पण त्यांच्यावर जे बालंट आलं ते माझ्या डोळ्यांदेखत. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. गावप्रमुख बापाक विर्यात्मोंना त्याचं कोण कौतुक! आतल्या खोलीतून काढून त्यांनी तो पाहुण्यांच्या बाकासमोर मांडला. आल्यागेल्याला दिसला पाहिजे ना! आता पाहुणा आला की चहा आलाच, तोही गोडमिट्ट. यजमान 'घ्या' म्हणेपर्यंत पाहुणा काही पेल्याला हात लावत नाही. गावप्रमुख बोलायला लागले की 'घ्या' म्हणायचंच विसरत. पेले आपले की-बोर्डला खेटून उभे, आणि मुंग्यांची चंगळ.

"आजोबा, बघा, यांनाही दाखला हवाय," असं म्हणत बू की-बोर्ड उलटा करून थोपटायच्या.

एकदा बोलण्याच्या भरात गावप्रमुखांनी हात फिरवला आणि पेला आडवा झाला. त्यांनी रुमालाने टेबल टिपलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं. आम्ही चारपाच जणांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या ओळीतली बटणं मुकी. बूंनी वायर काढून पुन्हा खोचली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शाळेतला की-बोर्ड मागून आणून जोडला, तो सरळ चालला. म्हणजे कॉम्प्युटर ठणठणीत होता, दुखणं की-बोर्डचंच होतं. मग एकेक बटण उचकटलं. खाली चिकट थर आणि त्यात मेलेल्या मुंग्या. त्यांनी ओलसर फडक्याने पुसलं, वाळवलं. काही बटणं चालू लागली, काही कायमची गेली.

गावप्रमुख आले आणि भरल्या कचेरीत म्हणाले, "बू, तुमची टाइपरायटर बडवायची सवय काही जात नाही. नाजूक वस्तू आहे ही! उद्यापासून तुम्ही चहापाण्याचं बघा. टाइपिंगला माझी भाची येईल."

चहापाण्याचं! इतकी वर्षं साऱ्या गावाचे जन्ममृत्यू जिने टाइप केले, तिने आता पेले विसळायचे. सांडणारा खुर्चीत, आणि शिक्षा पुसणारीला!

आमच्याकडे वरच्या माणसाला 'तुमचं चुकलं' म्हणत नाहीत. 'हो' म्हणतात आणि खाली बघतात. सगळ्यांनी खाली बघितलं. बूही "हो, बापाक" म्हणाल्या. मग एक उचकटलेलं बटण बशीत ठेवून त्यांनी ते अदबीने, दोन्ही हातांनी पुढे केलं.

"हे काय?"

"साखर आहे, बापाक. बडवून साखर निघत नाही."

गावप्रमुख बशीकडे बघून मोठ्याने हसले. "बू फार विनोदी आहेत बरं का!" लगेच सगळे हसले. त्या हसण्याची चीड मला त्या आरोपाहून जास्त आहे. एका बाईचं खरं बोलणं त्यांनी विनोदात काढून टाकलं.

बूंनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, सगळ्यांचा रीतसर निरोप घेतला आणि त्या गेल्या. चहा करायला आल्या नाहीत. भाची आली. बाक, टेबल, पेले जिथल्या तिथे राहिले.

पुढे एका सकाळी बू रस्त्यात भेटल्या. सायकलला मागे गाठोडं बांधलेलं. लेकीकडे दूर समुद्रापलीकडे लांपुंगला चालल्या होत्या आणि तिथेच वारल्या, हे मला फार उशिरा कळलं. त्या सकाळी मी नेहमीचंच विचारलं.

"कुठे निघालात, बू?"

"उत्तरेला, आजोबा." आमच्याकडे सगळे असंच नुसती दिशा सांगतात.

"जेवलात?"

"जेवले. तुम्ही?"

"आत्ताच."

"बरं, येते."

"या."