तिथं आखाजी नाही

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. धुळ्याचं कॉलेज संपवून नातीला पुढं शिकायला पुण्याला जायचं होतं, आणि मी नाही म्हणून बसलो होतो. शिक्षण दुसरीपर्यंतच, पण घरात माझा शब्द कोणी मोडत नाही.

एका दुपारी ती तिच्या अभ्यासातली जुनी अमेरिकन कादंबरी मला सांगत होती. मळ्यावरच्या एका गुलामाला मालक पोटच्या पोरासारखं खाऊपिऊ घालायचा.

"मालक चांगला शे," मी म्हणालो.

"पण त्याले जावानं शे, आबा. मालक सोडत नही."

"मंग आखाजीले जाई."

तरुणपणी मी सालदार होतो, वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारा गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचं साल संपायचं. मालक कितीही भला असो, त्या दिवशी घोंगडी खांद्यावर टाकून निघायची मोकळीक असायची.

"तठे आखाजी नही, आबा," ती म्हणाली. "आपला घरमा बी नही."

"तुनं तोंड भलतं चालस," म्हणून मी चहा मागितला. मालक चांगला, असं मात्र पुन्हा म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्रीच्या स्टँडवर जाऊन मी पुण्याच्या गाडीची वेळ विचारून आलो.