नावापुढची रिकामी जागा

सदर भागातल्या साडीच्या दुकानात काम करणाऱ्या मनीषाच्या मनात एक लग्नपत्रिका सात वर्षं सलत होती. थोरले दीर श्यामसुंदर यांनी मुलाच्या लग्नात घरातल्या सगळ्यांची नावं पदव्यांसकट छापली होती. मनीषाच्या नावापुढे मात्र काहीच नव्हतं. तिनं विचारलं, तर चारचौघांत हसून म्हणाले, "तुझ्यापुढे काय लिहू, बारावी पास?"

त्यानंतर तिनं ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. एका कानात इयरफोन अडकवून पोळ्या लाटता लाटता तास ऐकले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की साड्यांच्या गठ्ठ्यावर वही ठेवून उत्तरं लिहिली. सासूबाईंच्या आजारपणात एक परीक्षा बुडाली, ती पुढच्या वर्षी दिली. कंटाळा आला की ती जुनी पत्रिका काढून वाचायची आणि डोकं तापलं की पुन्हा पुस्तक उघडायची.

यंदा तिच्या मुलीचं, अवंतिकाचं लग्न ठरलं. या वेळी पत्रिकेचा मजकूर मनीषानं लिहिला. व्याही घरी आलेले असताना दिरांनी तो वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"माझं बी.कॉम. काहून नाही टाकलं?"

ते शेवटच्या वर्षाला नापास झाले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आजवर कुणी त्याचा उच्चार केला नव्हता.

मनीषानं आपली बी.ए.ची मार्कशीट सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली.

"टाकते ना भाऊजी. माझं मी हे पाहून लिहिलं. तुमची घेऊन या, प्रेसवाला थांबून राहिला आहे."