सुभेदारांच्या पाच दाढा आणि डॉक्टर शेडबाळे

सायकलच्या तारेची चौकट. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला काळ्या छत्रीच्या कापडाच्या बाह्या शिवून केलेली, एक्स-रेची फिल्म धुण्याची पेटी. दुधी काच आणि ट्यूबलाइट बसवलेला, एक्स-रे बघायचा फळा. लहान मुलांच्या मानेखाली घ्यायची सागवानी उशी. आणि नारळाएवढी प्लास्टरची दाढ, जी मधोमध बिजागरीवर उघडते आणि जिच्या मुळांतून नसा म्हणून लाल लोकर ओवलेली आहे. एवढ्या वस्तू डॉ. अनंतराव शेडबाळे यांनी स्वतःच्या हातांनी केल्या आहेत. अमृतमहोत्सव समितीच्या पत्रकात चौकट पितळेची असल्याचं छापलं आहे, ते चूक आहे. ती सायकलच्या चाकाच्या तारेचीच आहे. मी ती हातात घेऊन बघितलेली आहे.

मी डॉक्टर नाही. दातांच्या दवाखान्यातली खुर्ची, कॉम्प्रेसर, ड्रिल, एक्स-रे यंत्र बिघडलं की लोक मला बोलावतात. कराडपासून मिरजेपर्यंत बहुतेक दवाखान्यांत माझा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो. हे काम मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, आणि ते सांगताना मला कमीपणाही वाटत नाही. पण सुरुवात कुठं झाली ते सांगितलं पाहिजे.

मी इस्लामपुरात मोटार-पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो तेव्हा डॉक्टरांचा कॉम्प्रेसर बंद पडला. कोल्हापूरचा मेकॅनिक यायला वेळ लागणार होता, म्हणून त्यांनी दुकानातून मला बोलावून घेतलं. असलं यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तसं सांगितलंही. डॉक्टर म्हणाले, "मीही आतून पाहिलेलं नाही. बसू दोघं." आणि खरोखरच पांढरा कोट काढून ते माझ्याशेजारी फरशीवर बसले. कंपनीची इंग्रजी पुस्तिका ते एकेक ओळ मराठीत सांगत होते, मी आकृतीवर बोट ठेवून नळी शोधत होतो. टाकीत साचलेलं पाणी काढायचं राहून गेलं होतं, एवढाच बिघाड होता. विशीतल्या पोराला त्या दिवशी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हटलं. जाताना ती पुस्तिका माझ्या हातात दिली. त्या एका पुस्तिकेवर मी पुढं सहा प्रकारचे कॉम्प्रेसर उघडले.

आता त्या चौकटीविषयी. डॉक्टरांची सगळी ख्याती रूट कॅनॉलसाठी आहे. म्हणजे दाढेच्या आतली कुजलेली नस काढायची, मुळातल्या बारीक नळ्या साफ करून भरायच्या आणि दाढ काढून न टाकता जागेवर राखायची. हे काम करताना ते तोंडावर रबराचा पातळ पडदा लावतात. पडद्याच्या भोकातून फक्त ती एक दाढ वर येते. थुंकीतले जंतू आत जाऊ नयेत आणि बारीक सुई घशात पडू नये, हा हेतू. पडदा ताणून धरणारी चौकट त्या काळी इथं मिळत नसे, म्हणून त्यांनी ती तारेची केली. पेशंट कुरकुरत. बोरगावची एक मावशी म्हणाली होती, "आवं डॉक्टर, पडदा कशाला? मी काय नवरी हाय व्हय?" डॉक्टर म्हणाले, "नवरीला इतकं कोण जपतंय, मावशी? तोंड उघडा." पडद्याशिवाय त्यांनी कुणाचंही रूट कॅनॉल केलेलं मला माहीत नाही. आमदारांचंही नाही. माझ्या आईची उजवी दाढ त्यांनी अशीच राखली. आई अजून त्याच दाढेनं शेंगदाणे फोडते. फी विचारली तर म्हणाले, आईंचं मी बघतो, तुम्ही खुर्चीचं बघा.

डॉक्टरांच्या या कामाची खरी परीक्षा अलीकडं झाली, आणि ती मी जवळून पाहिली. म्हणून ती जरा सविस्तर लिहितो.

गेली काही वर्षं मोबाइलवर व्हिडिओ फिरतायत, की रूट कॅनॉल केलेला दात म्हणजे विषाची पुडी, त्यातून हृदयरोग होतो, कॅन्सर होतो. हा विचार नवा नाही. डॉक्टर सांगतात, शंभर वर्षांपूर्वी तो निघाला होता, त्यापायी चांगले चांगले दात उपटले गेले, आणि पुढं नीट तपासल्यावर तो टिकला नाही. पण व्हिडिओला एवढा धीर कुठला? साताऱ्यात एका वक्त्याचं व्याख्यान झालं. त्यानं सांगितलं, मेलेला दात तोंडात ठेवणं म्हणजे मढं घरात ठेवणं. सभागृहात कोरेगावचे निवृत्त सुभेदार फाळके बसले होते.

सुभेदारांची सासुरवाड आमच्या तालुक्यातली. सुटीवर आले की डॉक्टरांकडं दात दाखवायचे, अशा त्यांच्या पाच दाढांची रूट कॅनॉल इथं झालेली. त्यातच आदल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेली. वक्त्याचं बोलणं त्यांना नेमकं लागलं. पुढच्याच आठवड्यात ते इस्लामपूरच्या दवाखान्यात आले. मी एक्स-रे यंत्राची वायर बदलत तिथंच होतो. बसायच्या आधीच ते म्हणाले, "डॉक्टर, पाचीबी काढा."

डॉक्टरांनी का म्हणून विचारलं नाही. आधी विचारलं की रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. सुभेदार म्हणाले, ती आठ दिवसांपासून बंद ठेवली आहे. दात काढताना रक्त थांबलं पाहिजे, आणि दात गेले की काळीज आपोआप बरं होणार, मग गोळ्या हव्यात कशाला.

डॉक्टरांचा चेहरा इतका बदललेला मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "सुभेदार, दात राहू द्या. स्टेंट बसवलेल्या माणसानं ती गोळी बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आधी गोळी." त्यांनी साताऱ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला आणि फोन सुभेदारांच्या कानाला धरला. मला औषधांच्या दुकानात पिटाळलं. सुभेदारांनी गोळी समोर गिळली, मी वायर जोडून दिली, त्यानंतरच डॉक्टरांनी एक्स-रे यंत्राला हात लावला.

पाचही दाढांचे एक्स-रे काढले. चार स्वच्छ. पाचव्या दाढेच्या मुळाशी काळसर डाग. डॉक्टरांनी प्लास्टरची दाढ उघडून तो डाग नेमका कुठं आहे ते दाखवलं, आणि सांगितलं की इथं एक नळी साफ व्हायची राहिली, आत जंतू आहेत, हे काम माझं आहे आणि ते फसलेलं आहे.

"म्हंजी त्यो बाबा खरं बोलत हुता की."

"या एका दाढेत दोष आहे, एवढं खरं. तो दुरुस्त करता येतो, किंवा दाढ काढता येते. कोणतं करायचं ते तुम्ही ठरवा. पण तिच्यामुळं तुमचं हृदय बिघडलं, असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही आणि त्या वक्त्याकडंही नाही. आणि या चार शाबूत दाढा मी काढणार नाही. तुम्ही रागावलात तरी नाही."

सुभेदार रागावलेच. विचार करून सांगतो म्हणाले आणि निघून गेले. पुढचे पंधरा दिवस डॉक्टर रोज सकाळी त्यांना फोन करून गोळी घेतली का विचारत. सुभेदार 'व्हय' एवढंच म्हणत आणि फोन ठेवत. दाढांचं काय करायचं हा विषय कुणीच काढत नसे.

त्याच सुमाराला साताऱ्यातल्या दंतवैद्यांनी लोकांच्या शंका दूर करायला सभा ठेवली. ज्येष्ठ म्हणून डॉक्टरांना बोलावलं. एक्स-रे मोठे करून दाखवायचं यंत्र चालवायला मी बरोबर होतो. आयोजकांची अपेक्षा होती, की सरांनी ठणकावून सांगावं, रूट कॅनॉल शंभर टक्के सुरक्षित आहे. एक्स-रे दाखवायची परवानगी डॉक्टरांनी सुभेदारांकडून आधीच एका सकाळच्या फोनवर घेतली होती; तेव्हाही ते 'व्हय' एवढंच म्हणाले होते. पडद्यावर त्यांनी पाचही एक्स-रे लावले, नाव न सांगता, आणि पाचव्यावर काठी ठेवून म्हणाले, "हे माझं काम आहे. हे फसलं आहे." मग नीट केलेल्या दाढेपासून हृदयरोग किंवा कॅन्सर होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, हेही तितक्याच शांतपणे सांगितलं. एका बाईंच्या प्रश्नाला 'हे मला माहीत नाही' असं उत्तर दिलं.

व्यासपीठावर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचे एक तरुण डॉक्टर तिथंच कुजबुजले, "सर, तुम्ही त्या व्हिडिओवाल्यांच्याच हातात काठी दिलीत." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. घरचं भांडण चावडीवर कशाला, असं मी येताना गाडीत त्यांना म्हणालोही होतो. त्यांनी ऐकलं नाही. हट्टी आहेत. गौरव अंकात हे लिहू नये असं कुणाला वाटेल, पण चाळीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्यातून हट्टीपणा वजा करू शकलेलो नाही.

मग मागच्या रांगेतून सुभेदार उठले. ते आलेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणाले, "त्या पाची दाढा माज्या हायती. भाषण देणाऱ्यानं माजं त्वांड न बघता पाची काढा म्हणून सांगितलं. ह्यांनी बघून एक वाईट सांगितली, आणि तीबी सोताची चूक म्हणून. आमी पल्टनीत बघून आलेल्याच्या रिपोर्टावर पुढं जायचो." आणि बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक आपापसात बोलायला लागले, आणि मग प्रश्न सुरू झाले ते सभागृहाचा वॉचमन किल्ल्या वाजवेपर्यंत.

ती पाचवी दाढ डॉक्टरांनी पुन्हा उघडून साफ केली, अर्थात पडदा लावून. सहा महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत डाग निम्म्याहून कमी झालेला मी पाहिला. गोळी चालू आहे. सुभेदार परवाच कोरेगावच्या बाजारात भेटले, पावटा निवडून घेत होते.

डॉक्टरांनी पंचाहत्तरी पूर्ण केली. शंभरी गाठा असं या अंकात सगळेच लिहितील. मी कामाचा माणूस, कामाचंच मागतो. त्यांच्या बोटांना कंप येऊ नये, चष्म्याचा नंबर आहे तिथंच राहावा, गुडघ्यांनी साथ द्यावी, आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडातली रूट कॅनॉल केलेली दाढ त्यांच्याबरोबर शंभरीपर्यंत चालत जावी. खुर्ची मी चालू ठेवीन.

आणखी एक तपशील नोंदवून ठेवतो, कारण त्याबद्दल इस्लामपुरात भलतंसलतं बोललं जातं. साताऱ्याच्या सभेनंतर महिन्याभरानं एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचे दोन गृहस्थ डॉक्टरांकडं आले. रूट कॅनॉल केलेले दात काढून तिथं हाडात पक्के होणारे स्क्रूचे कृत्रिम दात बसवण्याचा त्यांचा व्यवसाय. मी शेजारच्या खोलीत होतो, दार उघडं होतं. त्यांना डॉक्टरांची मुलाखत चित्रित करायची होती. खोटं काहीच बोलायचं नव्हतं. साताऱ्यात बोलले तेच वाक्य, 'हे माझं काम आहे, हे फसलं आहे,' एवढंच पुन्हा म्हणायचं, आणि पाचवा एक्स-रे दाखवायचा. बाकीचे चार दाखवायचे नाहीत. डॉक्टरांनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. लोक दोन लाख म्हणतात, कुणी पाच म्हणतात. देऊ केलेली रक्कम अकरा लाख रुपये होती.