गाईच्या मापाचं मांजर

अण्णा गेल्याची बातमी मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. ग्रुप आम्हा पशुवैद्यांचा. सकाळी कुणीतरी लिहिलं होतं की डॉ. तुकोजीराव लाड झोपेतच गेले. त्याखाली जोडलेले हात, मग एकाचा प्रश्न, ‘मागच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट कधी मिळणार?’ आणि पुन्हा जोडलेले हात. मला राग यायला हवा होता. पण अण्णांनी हे वाचलं असतं तर आधी त्या सर्टिफिकेटवाल्यालाच उत्तर दिलं असतं, असं मनात आलं आणि… टेबलावर एक लॅब्रॅडॉर होता, म्हणून रडणं राहून गेलं. अण्णांना जाऊन आता दीड महिना होईल.

अण्णा बेंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं होतं की मी निपाणीची असूनही सुरुवातीला अडखळायची. सरकारी नोकरीत त्यांनी गाई-म्हशी पाहिल्या, मधली काही वर्षं घोडे. निवृत्त झाल्यावर हेब्बाळला घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला. तोवर आसपासचे गोठे जाऊन तिथे इमारती आल्या होत्या, आणि इमारतींतून मांजरं. “गाय बाराव्या मजल्यावर चढत नाही अक्का, मग मलाच मांजरावर उतरायला पाहिजे,” असं ते म्हणायचे. मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी त्यांनी मला कायम अक्काच म्हटलं. साठी उलटल्यावर हा माणूस मांजर शिकायला बसला.

आमच्याकडे पदवीनंतरही शिकत राहावं म्हणून कार्यशाळा होतात. एखाद्या हॉटेलचा हॉल, समई, पाहुण्यांच्या डोक्यावर म्हैसूर पेटा, अंगावर शाल, हातात फळांची करंडी, मग त्यांचं आशीर्वादपर भाषण. विज्ञान साधारण जेवणाच्या तोंडावर सुरू होतं. अण्णा मात्र सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत, पाहुण्यांसाठी पांढरं कापड घातलेल्या खुर्चीवर बसत. एकदा एका संयोजकाने त्यांना उठवायचा प्रयत्न केला. “पाहुणे झोपणार, मी लिहिणार,” अण्णा म्हणाले. “आता तुम्हीच सांगा, खुर्ची कुणाला?”

जे. पी. नगरमधल्या माझ्या दवाखान्याचं नाव होऊ लागलं होतं, तेव्हा अशाच एका कार्यशाळेत मला मांजरांच्या वेदनाशमनावर बोलायला बोलावलं. बोलणं छान झालं. ‘मांजर म्हणजे लहान गाय नव्हे’ या माझ्या वाक्यावर हॉल हसला. संयोजकांनी पुढच्या वर्षभराची सगळी व्याख्यानं मलाच द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला. कुणाच्याही व्याख्यानानंतर तो यायचाच; त्यांच्या शंका रात्रभर भिजत घातलेल्या असायच्या.

“अक्का, स्वल्प वेळ आहे? तुमच्या स्लाइडवर मांजराला किलोमागे जेवढं औषध लिहिलंय, तेवढंच मी गाईला देत होतो. हे मांजर दूध किती देतं?”

मी हसले. मग स्लाइड उघडली आणि हसू गेलं. दशांश चिन्ह एक घर सरकलं होतं. सुरुवातीची सहा वर्षं मी गुरांच्या दवाखान्यात काढली होती. तोच जुना आकडा बोटांनी आपोआप टाइप केला होता. मांजराला दहापट औषध. म्हणजे मूत्रपिंडं जाणार.

“तुम्ही दिलंत का कुणाला?”

“सिरिंज भरली होती. मग वाटलं, इतकुशा जिवाला गाईच्या मापाने कसं? पुस्तक काढलं. बाकीच्यांकडे पुस्तक असेल, पण शंका यायला गाय नसेल.”

मी संयोजकांना फोन केला. ते म्हणाले, सुधारित स्लाइड शांतपणे मेल करू, उगाच तुमचं नाव कशाला खराब करायचं. हे ऐकून मला बरं वाटलं, हे इथे लिहिलंच पाहिजे. अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, “मेल कोण वाचतं? मी तर नाही वाचत.” आणि तासाभरात ते हजेरीपत्रकाची प्रत घेऊन माझ्या दवाखान्यात हजर. चाळीसच्या वर नावं. त्यांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला, पहिला नंबर फिरवला आणि फोन माझ्या हातात दिला. “चूक तुमची, तुम्हीच बोलायचं. नंबर मी लावून देतो.”

प्रत्येकाला तेच सांगायचं: मी काल चुकीचा डोस शिकवला, खोडून हा लिहा. कुणी कन्नडमध्ये धीर दिला, कुणी हिंदीत टोमणा मारला. एका ज्येष्ठांनी तर “म्हणूनच मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या,” असं सांगितलं. विसाव्या फोनपर्यंत मी आधी एखादी सबब जोडत होते. तिसाव्याला नाही. फक्त बोम्मसंद्राच्या एका डॉक्टरांचा फोन बंद होता. “चला,” अण्णा उठले. होसूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीसारखी सरकत होती आणि मला एकच दिसत होतं, त्यांच्या टेबलावर एक मांजर…

टेबलावर खरंच मांजर होतं. ड्रेसिंग चाललं होतं. मी दारातूनच विचारलं, “वेदनाशामक दिलंत?”

“नाही अजून. का हो मॅडम?”

मी सगळं सांगितलं. ते गृहस्थ लाजले. “तसं काही नाही होणार मॅडम. तुमच्या लेक्चरला मी झोपलो होतो. सर्टिफिकेटसाठी आलो होतो.”

अण्णा इतके हसले की मांजर टेबलाखाली पळालं. मग खुर्ची ओढून त्यांनी त्या डॉक्टरांना माझं अख्खं व्याख्यान ऐकवलं, बरोबर आकड्यासह, मी समोर उभी असताना.

ती वर्षभराची व्याख्यानं मला मिळाली नाहीत. पुढे बोलावणी आली, पण सावकाश. अण्णा प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर. त्यांच्या शोकसभेत मात्र समई होती, शाल फोटोला घातली गेली, आणि त्यांच्या साधेपणावर अकरा जण बोलले.

गेल्या रविवारी मी अण्णा गेल्यानंतरचं पहिलं व्याख्यान दिलं. सोमवारी सकाळी चहा घेऊन फोनजवळ बसले. फोन वाजणार नाही हे माहीत होतं, तरी बसले. चहा निवला. मग संयोजकांकडून हजेरीपत्रक मागवून घेतलं आणि पहिल्या नावाला फोन लावला.

“डॉक्टर, काल लिहून घेतलेले डोस जरा वाचून दाखवता?”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. “का मॅडम? काही चुकलंय का?”

“अजून माहीत नाही,” मी म्हटलं. “वाचा तुम्ही.”