चौकशीअक्का आणि तीन दिवसांची कंजी

चौकशीअक्कांना थाप मारून सुटलेला माणूस अख्ख्या तंजावरात माझ्या पाहण्यात नाही. इस्पितळात अवयवदानाच्या विभागात त्या समन्वयाचं काम पाहत. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण आम्ही मराठी घरांतली मंडळी त्यांना चौकशीअक्काच म्हणत असू, आणि त्यांनाही ते पदवीसारखं आवडे.

"ताप आला होता का?" हा फॉर्मवरचा प्रश्न त्या नावापुरता विचारत. ठरलेली तारीख हुकायच्या धास्तीने दाता 'नाही'च म्हणणार, हे त्यांना पाठ होतं. मग फॉर्म बाजूला सारून त्या घरच्या बाईशी स्वयंपाकाच्या गप्पा मारत. "माणूस लबाड बोलतो, चूल बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं. तिरुवैयारूचा एक शेतकरी बहिणीला स्टेम सेल द्यायला आला होता. महिनाभर गोठ्यात पाऊल टाकलं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं. अक्कांनी सहज विचारलं, "दूध काढताना लाथ कोणती गाय मारते?" तो त्या गाईच्या तक्रारी सांगत बसला, आणि गोचिडीतूनही ताप येतो म्हणून अक्कांनी त्याच्या पोटरीवरचे गोचिडीचे चावे डॉक्टरांना दाखवले.

मग माझी पाळी आली. थोरल्या भावाला, अण्णाला, मी किडनी देणार होतो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून तो पार वाळून गेला होता. मोठ्या मुश्किलीने ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि नेमका आठवडाभर आधी मी तापाने पडलो. मंगलकार्य ठरलं की घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर सांगायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ऑपरेशनलाही आम्ही मंगलकार्यच धरलं होतं. मी ताप अंगावर काढला आणि हसतमुखाने इस्पितळात हजर झालो.

"काय ग, ह्या आठवड्यात काय काय शिजवलंस?" अक्कांनी माझ्या बायकोला विचारलं.

बायको भोळी. वांग्याचं सांबार, अवियल असं सांगत गेली आणि म्हणाली, "मग तीन दिवस तांदळाची पातळ कंजीच. ह्यांना दुसरं काही जातच नव्हतं."

"आणि निलवेंबूचा काढा?"

"तोही दिला की," बायको अभिमानाने म्हणाली. हा कडूजहर काढा तापाखेरीज आमच्याकडे कोणी तोंडाला लावत नाही.

रक्त तपासलं. डेंग्यू निघाला आणि तारीख पुढे गेली.

मी चिडून म्हणालो, "डास काय, अण्णाला घरीसुद्धा चावतातच की."

त्यावर अक्का तमिळ सोडून आमच्या मराठीवर आल्या, म्हणजे आता आपली धडगत नाही. "तुझी किडनी रुजावी म्हणून त्याच्या अंगची ताकद औषधं देऊन झोपवणार अहेत. तेव्हांच तूं हा ताप त्याच्या पोटांत शिवून देणार? डास बरा, तो फॉर्मवर सही करून चावत नाही."

वाट पाहण्याच्या त्या आठवड्यांत अण्णाच्या छातीत पाणी भरलं, श्वास लागला. त्याला भरती केलं तेव्हा भर व्हरांड्यात मी अक्कांना बोललो, "ह्याचं काही झालं तर ते तुमच्यामुळे."

त्यांनी थट्टा केली नाही. "सरी," म्हणजे बरं, "मजमुळे," एवढंच म्हणाल्या. नंतर सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्या येऊन अण्णाच्या पायांची सूज दाबून बघत. मला ते दिसत होतं, तरी मी त्यांच्याशी अबोला धरला. आज त्याची लाज वाटते.

माझं रक्त स्वच्छ आलं आणि ऑपरेशन नीट पार पडलं. पुढे अक्का हळदीकुंकवाला म्हणून आमच्या घरी आल्या आणि परसातल्या पाणी साचलेल्या करवंट्या उपड्या करून गेल्या. कुंकू लावून घ्यायचं मात्र विसरल्या. माफी मागायला मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी मला पाण्याच्या ड्रमचं झाकण शोधायला पिटाळलं.

गेल्या पोंगलनंतर अक्का अचानक गेल्या. एरवी मी अण्णाला तांदळाची पिशवीसुद्धा उचलू देत नाही, त्यावरून आमची रोज भांडणं होतात. त्या दिवशी तो गर्दीतून पुढे झाला आणि त्याने तिरडीला खांदा दिला. मी त्याला अडवलं नाही.