तिच्या जागी पाहिलेलं स्वित्झर्लंड

हे मी कुणापुढे बोललेलो नाही. मुलापुढे नाही, मशिदीत नाही. जिच्यापुढे बोलायला हवं होतं ती चार महिन्यांपूर्वी गेली. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. शाळा चौथीपर्यंत झालीय, लिहिण्यात चुका असतील. पण जे केलं त्याला मी चूक म्हणणार नाही. चूक नकळत होते.

आम्ही दापोलीकडचे. माझी बायको जैनब — मी जैनू म्हणायचो. एकोणीसशे साठ-पासष्टच्या दरम्यान दुबईत एका इंग्रज इंजिनियरच्या घरी आम्ही दोघं कामाला होतो. मी खानसामा, ती त्यांच्या तान्ह्या मुलीची आया. घर खाडीच्या कडेला. आता मुलाचा फ्लॅट जुमेरा लेक टॉवर्सला आहे. तिथे तेव्हा वाळूशिवाय काही नव्हतं. मॅडमला हिंदी येत नव्हती, जैनूला इंग्रजी. दोघींचं सगळं बोलणं माझ्या तोंडातून जायचं. एवढं लक्षात ठेवा.

उन्हाळा आला की इंग्रजांच्या बायका-पोरं दुबई सोडून जात. त्या वर्षी साहेबानं ठरवलं — स्वित्झर्लंड, महिनाभर. बेबी जैनूशिवाय झोपत नसे, म्हणून मॅडम म्हणाली, आयाला नेऊ. एक चित्रांचं पुस्तक आणून तिनं जैनूला दाखवलं. तळं, बर्फाचे डोंगर, कड्यात कोरलेला सिंह. जैनूनं ते पुस्तक उशाशी ठेवलं. मला विचारायची, "अवो, बर्फ हातात धरला तर भाजतो म्हणं. खरं काय?"

तिकीट एकच होतं.

मला काय झालं ते कसं सांगू? गावात लोक म्हणतील, बायको विलायत फिरून आली आणि हा इथे कांदे चिरत बसला — हे डोक्यात घुसलं ते निघेना. एका सकाळी मी मॅडमला जाऊन सांगितलं, जैनब विमानाला घाबरते, रडते, तिला नका नेऊ. मी येतो. सामान उचलीन, बेबीची गाडी ढकलीन. मॅडमला वाईट वाटलं. पण मानली.

मग स्वयंपाकघरात आलो. जैनू बांगडे साफ करत होती. ते काम खरं माझं. मला आवडत नसे म्हणून ती करायची. मी म्हटलं, "तुझं जाणं खलास. मॅडम म्हणते, आयाच्या हाताला मासळीचा वास येतो. तिकडच्या हॉटेलात लोक नाकाला रुमाल लावतील."

तिनं हात नाकाशी नेले, हुंगले. मग पुस्तक आणून माझ्याजवळ दिलं — परत करा म्हणाली.

मी गेलो. सगळं पाहिलं. ल्युसर्नला तळ्याच्या तोंडाशी नदीवर लाकडाचा पूल आहे, वर छप्पर, छपराखाली तिकोनी चित्रं. तो सिंह पाहिला — बरगडीत भाला घुसलेला, मरायला टेकलेला. गोरे लोक त्याच्यापुढे गप्प उभे राहतात. मी पण राहिलो. दातेरी रुळांच्या गाडीनं डोंगरावर गेलो, जूनमध्ये बर्फ हातात धरला. भाजतो. खरंच भाजतो. ऱ्हाइन नदीचा धबधबा पाहिला, अंगावर तुषार उडाले.

बेबी महिनाभर रडली. जैनू म्हणता येत नसे तिला, "नू, नू" करायची. मॅडम रोज म्हणायची, तुझ्याऐवजी ती हवी होती. निघताना मॅडमनं जैनूसाठी कडेला लेस लावलेला रुमाल घेतला. तो मी जैनूला दिला — मी आणला म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, हेच सांगायचं होतं? नाही. इथपर्यंत हाव होती. हाव माणसाला सुटते. पुढचं सांगतो.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मॅडम स्वयंपाकघरात आली. जैनूकडे बघून हसली आणि मला म्हणाली, तिला सांग, पुढच्या वर्षी तिनंच यायचं, मी विमानात तिचा हात धरून बसेन. सांग तिला.

जैनू माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "मॅडम विचारते, हात नीट धुतेस ना?"

त्यात मला काय मिळणार होतं? काही नाही. मी फिरून आलो होतो, आता काही हवं नव्हतं. तरी बोललो. जैनूनं दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, शाळेत नखं दाखवतात तसे. मॅडमला वाटलं, आनंदानं हात देतेय. तिनं ते हातात घेतले आणि गालाला लावले. जैनूनं डोळे मिटून घेतले — तिला वाटलं, हुंगतेय. आणि मी तिथेच उभा होतो. मला मजा वाटली. हेच ते. मला मजा वाटली.

त्या दिवसापासून जैनू लिंबू चोळायची. आधी बेबीला उचलण्यापूर्वी, मग आमच्या मुलाला, मग नातीला. पन्नासाहून जास्त वर्षं. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यात लिंबू झोंबायचं, तरी चोळायची. नात हसायची, "दादी, यू स्मेल लाइक लेमोनेड." आणि पाहुणे आले की हीच कौतुकानं सांगायची — आमच्या यांनी कड्यातला सिंह पाहिलाय, बर्फ हातात धरलाय, तिथून मला रुमाल आणला. सगळं तिला पाठ होतं. पूल किती पावलांचा तेसुद्धा.

शेवटी दुबईहून दीड तासावरच्या अल ऐनच्या इस्पितळात होती. नर्स हात धरायला आली की हात चादरीत ओढून घ्यायची. मला खुणेनं जवळ बोलावलं. "अवो, लिंबू आणलंत काय?"

आणलं होतं. मीच कापलं. मीच तिच्या हातांना चोळलं, एकेक बोट. खोलीत आम्ही दोघंच. ती माझ्याकडे बघत होती, शुद्धीत होती, ऐकू नीट येत होतं. पुरी फोड संपेपर्यंत चोळलं. बोललो नाही.

दफनानंतर सुनेनं इस्पितळातली पिशवी रिकामी केली. तळाशी उरलेलं अर्धं लिंबू निघालं, सुकलेलं. म्हणाली, "बाबा, टाकू?"

मी म्हटलं, टाक.